पाच कोसांचा चहा

शेगाव स्टेशनावर तिकिटाच्या रांगेत मनकर्णाबाईंच्या पुढं एक जोडपं उभं होतं. बोलणं हळू होतं, पण कानावर येत होतं.

“गिरजे, चहाची एजन्सी भेटली. आता तुहं ताक बंद.”

“काऊन?”

“करारात लिहिलं हाये. एजंटाच्या घरच्यायनं पाच कोसांत दुसरं पेय इकायचं नाही.”

“तुमचा चहा कंपनीचा गोरा साहेबच तर दोन गिलास ताक पिऊन गेला.”

“पिल्यानं करार मोडत नाही वं, इकल्यानं मोडते.”

“बरं. मंग म्हैसही इकून टाका.”

“म्हैस काऊन?”

“तिच्या सरकीच्या ढेपेचा खर्च ताकाच्या पैशावरच निंगते. तुमी लोकायले काळाच चहा पाजा.”

रांग सरकली. मनकर्णाबाईंनी दोनदा ‘सरका भाऊ’ म्हटलं, तरी एजंट जागचा हलेना.