भुशाच्या राखेचा साबन

पहिले दुकलहीनबाईचं नाव लिवा ताई, माहं मागून लिवलं तरी चालते. आता जे सांगून राहिली त्यात तिनं हात दिला नसता तर सांगाले मी उरली नसती. अन् मानसानं पहिले हात देनाऱ्याचं नाव घ्यावं, मंग आपलं रडगानं गावं, असं माही माय मने. दुकलहीन मनजे दुकाळात जन्मलेली, छत्तीसगडात असेच नावं ठेवतात. तिचं गाव कोन्तं ते मले माहीत नाई. रोज एका विहिरीवर पानी भरलं, एका चुलीवरचा विस्तव नेला-आनला, पन गाव विचाराचं राहूनच गेलं.

मी देवरीकडची, देवरीहून आत जंगलात चार टोल्याचं, मनजे चार वस्त्याईचं, गाव आहे तिथली, भागरता माहं नाव. बाप लोकाचं धान कापे अन् उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडे, माय मोहफूलं वेचे अन् फूलं सरले की टोरी वेचे. टोरी मनजे मोहाचं बी, त्याचं तेल निघते, आमच्याकडं तेच दिव्यात, तेच भाजीत, तेच डोक्याले. शाळा नदीपलीकडं होती. पावसाळ्यात नदी भरली की शाळा बंद, एक गुरुजी गेला, दुसरा आला, तो तापानं पडला, तिसरा आलाच नाई, अन् माही शाळा दुसरीतच सुटली ते सुटलीच. मले अक्षर येते ताई, खोटं नाई बोलत, पन जोडाक्षर आलं की माही गाडी तिथंच थांबते, अन् लोकं मांगून ढकलून राहिले असं वाटते. तुम्ही लिवता ते मले वाचून दाखवा बरं मंग, काई भलतं नको जावाले, माह्या नवऱ्याचे मिलवाले वाचतीन.

गोरे गेले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात लगन झालं. बैलगाडीनं आमगाव, तिथून रेल्वेनं गोंदिया. तुम्हाले ते हाकेवर वाटन, मले मात्र सात समुद्र. मायकडं जावाचं मनलं तर धानाचा हंगाम आडवा येते, नाई तर लेकरू, नाई तर तिकीट. वाघाले मी कधी भ्याली नाई येवढी पहिल्या सकाळी मिलच्या भोंग्याले भ्याली. पोरीचा बाप, मनजे माहा नवरा, नाव नाई घेत मी त्याचं, तो धानाच्या मिलमधी हमाल. मिलच्या मांगं एका लायनीत खोल्या, त्यातली एक आमची, बाजूची दुकलहीनबाईची. ती रेजा, मनजे मजूर बाई होती, उकडलेलं धान सिमिटाच्या खळ्यावर वाळू घालतात ना, ते पायानं फिरवाचं काम तिचं. वरून ऊन, खालून धानाची वाफ, अन् पाय उघडे, चप्पल घालून धानावर चालत नाईत.

आता घर कसं चालवत होती ते सांगते. मिलच्या भट्टीत भुसाच जळे, त्याच्या राखेचे ढीग पडत, कोनी हटकत नसे. ती राख मी घमेलं भरभरून आनत जाये. तिनं भांडे असे निघत की तोंड दिसे. तीच चाळून त्यात मीठ टाकलं की दातवन, तीच मोरीत, तीच कंदिलाच्या काचेले. केसाले टोरीची ढेप, तेल काढल्यावर जो चोथा राहाते तो, भिजवला की फेस येते. काजळ एरंडीच्या दिव्यावर धरलेलं. दुकानातून काईच आनाचं नाई असा मीच कायदा केला होता. शेजारच्या बाया हासत, मनत, भागरताबाईच्या घरी राखच खातात वाटते. मी बी हासे. त्या राखेचा मले भारी भरवसा होता ताई, इतका की सांगता सोय नाई.

माही पोरगी चंद्रकला सहा वर्साची झाली तशी तिले शाळेत घातलं. बाप मने, पोरीची जात, बिडी वळाले बसव, पत्ता कापाले आतापासून शिकली तर हात बसन. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिली. मनलं, माही दुसरीत सुटली, हिची नाई सुटू देनार, वाटलं तर मले मारा. त्यानं मारलं नाई, मने, पाहू किती दिवस जाते. चंदा आली की पाटीवर जे लिवलं ते मले दाखवे, अन् मी तिच्याच पाटीवर एक जोडाक्षर शिकली, ‘म्ह’. कोनाले सांगितलं नाई.

चंदा पहिली पास झाली, अन् पुढच्या पावसाळ्यात लायनीतल्या पोट्ट्याईले खरूज झाली. चंदाच्या बोटाच्या बेचक्यात, कोपरात, मंग डोक्यात बी. बहिनजीनं, मनजे शाळेच्या बाईनं, घरी पाठवली. बहिनजी वाईट नव्हती ताई, असं नका लिवू, तिनं दारापर्यंत येऊन सांगितलं, की बाकीच्याईचे मायबाप ओरडून राहिले, पोरगी साफ झाली की पाठवा, जागा जात नाई तिची. बाप मने, झालं, संपली शाळा.

दवाखान्यात लाल पानी दिलं, ते लावलं, सरलं. कंपाउंडर मने साबनानं रोज आंघोळ घाला, कपडे रोज उकळा. रोज! दुकानचा साबन तिच्या अंगाले, डोक्याले, कपड्याले, गोधडीले, मंग खावं काय? मी मनलं, माही माय करे तसा मीच साबन करते, त्यात करंजीचं तेल घालते, खरजेले करंजी लागू पडते. मायचा साबन मनजे वडी नाई, खरवसासारखा मऊ, काळपट, भोपळ्याच्या तुंब्यात भरून ठेवाचा. राखेवर पानी ओतून ते निथळवाचं, ते खारं पानी टोरीच्या तेलात घालून शिजवाचं. मायनं लगनात तेलाचा डबा दिला होता तो सरला होता, पन भावानं दिवाळीले दुसरा आनून दिला होता, वर्साचं तेल. ते सगळंच मी कढईत ओतलं. वाटलं एकदाच करू, पावसाळाभर पुरन.

अन् राख कोन्ती घेतली मनता? भुशाची. दारातच ढीग, भांडे चमकवते, दात चमकवते, मंग साबन कायले नाई करनार? गावी माय आघाड्याची अन् पळसाची राख ठेवे, वेगळ्या मडक्यात, पन मी लेकरू होती, मले वाटे जी हातात आली ती घेते. राख मनजे राख.

सकाळपासून शिजवत बसली. तेल वर, पानी खाली. ढवळलं की एक होये, चाटू थांबला की फाटे. आनखी राख टाकली, आनखी जाळ केला. दोन पहर झाले, तेल करपलं, कढईत मातीचा गारा अन् वर काळी साय. पोरीचा बाप जेवाले आला, कढईत पाहिलं, अन् मने, हे आता भाताले लावून खावाचं की भिंतीले सारवाचं? अन् न जेवता गेला. मी कढईपाशीच बसून राहिली. चंदा खाजवत बाजूले. मले रडू बी येत नव्हतं. तेल गेलं, साबन गेला, शाळा गेली, एका बैठकीत सगळं.

दुकलहीनबाई खळ्यावरून आली. पहिले हासली, तोंडाले पदर लावून हासली, मंग माह्याकडं पाहिलं तशी बसली. चिमटीत राख घेतली, जिभेले लावली, थुकली. मने, ये राख म दम नइ हे बहिनी, भूंसा के राख ले बरतन चमकथे, साबुन नइ बनय. मनजे या राखेत जोर नाई, नुसतं घासते ही, चावत नाई. जी राख जिभेले चावते तिचाच साबन. ती कढई मीच घासली, त्याच राखेनं, काय सांगू तुम्हाले.

दुसऱ्या दिवशी दुकलहीनबाई कामावरून सुटली अन् रेल्वेच्या रुळाच्या कडेनं आघाडा उपटत गेली, भारा डोक्यावर आनला. वाळवला, जाळला, राख केली. त्याचं पानी काढलं, त्यात कोंबडीचं पीस सोडलं, ते पीस त्यात विरघळून गेलं, तेव्हा मने आता झालं. पन तेल? तेल माह्याकडं थेंब नव्हता. ती खोलीत गेली अन् आपली बरनी घेऊन आली. टोरीचंच तेल, तिच्या पायाचं. त्या उकडलेल्या धानानं तिच्या टाचा अशा फाटत की भेगेत बोट जाये, रोज तेल जिरवलं तरच दुसऱ्या दिवशी खळ्यावर पाय ठेवता येई. मी मनलं, नको बाई, पायाचं काय? तिनं ओतून टाकलं. हंगाम संपेपर्यंत ती फडके बांधून धानावर चालली. मुकादमानं पाहिलं की फडके काढाले लावे, धानाले रक्त लागन मने.

तो साबन झाला ताई. काळा, मऊ, मायच्यासारखाच. करंजीचं तेल मी मिलच्या माळ्याकडून मांगून आनलं होतं. आठवड्यात खाज बसली, मंग खपल्या पडल्या, मंग अंग तळहातासारखं साफ. लायनीतल्या बाया वाट्या घेऊन येत, मी सगळ्याईले दिला. चंदाले वेनी घातली, धुतलेला झगा घातला, अन् शाळेत नेऊन सोडली. बहिनजीनं हात उलटेपालटे करून पाहिले, मने शाबास.

अन् तिसऱ्या दिवशी चंदा व्हरांड्यात बसलेली. मी शाळेवरून जाताना पाहिलं, वर्ग आत, पोरगी बाहेर, खिडकीखाली. बहिनजीले विचारलं तर ती खाली पाहून मने, पोरी तिच्या बाजूले बसत नाईत, बास येते मनतात, घान वास. कशाची बास? ते तुम्ही लावता त्याची. टोरीची बास ताई. आमच्याकडं न्हालेल्या मानसाची जी बास असते ती. माह्या मायच्या कुशीची बास तीच. मले उभ्या जन्मात कळलं नव्हतं की ही बास आहे मनून.

दुकलहीनबाईनं बांधावरून नागरमोथा खनून आनला, कुटून साबनात घातला. वरून मोथ्याचा वास, खालून टोरीचा. शेवटी पोरीच्या बापानं, हो, त्यानंच, दुकानचा गुलाबी साबन आनून ठेवला. त्यानं न्हाऊ घातलं तरी पोरी नाक धरत. कारन दिव्यात इतके वर्स तेच तेल जळलं, भाजीत तेच, गोधडीत तेच मुरलेलं. साबन बदलता येते, घर कुठून बदलाचं? चंदानं एक दिवस दंडाले नाक लावलं, कितीतरी वेळ हुंगत राहिली, अन् मने,

माय, मले तर बास येत नाई. मंग त्याईले काऊन येते?

तुमच्याकडं उत्तर असन तर मले सांगा.

व्हरांड्यातून बी ती शिकत होती, आतलं ऐकून पाटीवर लिवे. मंग झड लागली, पाटी ओली, पोरगी ओली. बहिनजी आत बोलवे तर हीच जाईना. घरून निघे अन् मिलच्या मांगं राखेच्या ढिगावर बसून राहे, शाळा सुटाच्या टायमाले घरी येई. कळलं तेव्हा मी मारली नाई. ती दुसरीत होती, ताई, अन् शाळा तिथंच सुटली.

आता अकरा वर्साची झाली. मनतात महाराष्ट्र झाला, गोंदियात मराठी शाळा वाढतीन. ती बिडी कारखान्यात पत्ता कापते, तिथं सगळ्याईच्या हाताले तमाखू, तिथं कोनी कोनाची बास घेत नाई. बाप आता टोमना मारत नाई, ते जास्त लागते. मी साबन करनं सोडलं. दुकानचा आनते, अर्धा कापून वापरते, अन् पोटाले चिमटा घेते.

दुकलहीनबाई त्या साबनाच्याच हंगामाच्या शेवटी आपल्या गावी गेली. पाय सुजले होते, मुकादमानं पुढच्या साली येऊ नको मनलं. मी टेसनावर पोचवाले गेली. गाडी हलली तेव्हा ती मने, नोनी ल पढाबे बहिनी, पोरीले शिकव. मी हव मनलं.

तिले काय तोंड दाखवू, असं कधी वाटते, पन दाखवीनच. चंदाचं लगन उरकलं की मी त्या गाडीत बसनार आहे, डोंगरगडापासून एकेका टेसनावर उतरनार, दुकलहीन नावाच्या जितक्या बाया असतीन तितक्याईच्या दारी जानार. मिळाली तर तिले एक काम करू देनार नाई, तिच्या घरचं पानी भरीन, दळीन, पडली तर उचलीन, अन् नोनी शिकली नाई हे पहिले सांगून टाकीन. हे मी बोलली, ताई. लिवून घ्या.