पोरगी खुश हाय का?

तीर्थपुरीत मामाच्या घरी मुलगी दाखवून तिघं एसटीनं परत निघाले होते. माझ्या पुढच्याच बाकावर आई, लग्नाची रेणुका आणि तिचा धाकटा भाऊ.

“सुग्रीव, पाव्हण्यांपुढं बोलायची काय गरज होती तुला?”

“त्यांनीच इचारलं, पोरगी खुश हाय का म्हणून.”

“तशी इचारायची रीत असती, बाबा. हो म्हणायचं अन् चहा द्यायचा.”

“पण ताई सकाळपासून न्हाणीत रडून राह्यली होती. मंग मी तेच सांगितलं.”

“तू स्वमग्न हायेस, सरळच बोलशील, असं डॉक्टर म्हणले होते. पण इतकं सरळ? पाव्हणे चहा सोडून उठले!”

“चहा लई गरम होता. मी बशी आणायला गेल्तो.”

“दहावी झाली, आयटीआय झालं, पण खोटं बोलायला बिलकुल शिकला न्हाईस.”

“तिथं तो विषय नव्हता.”

“आई, बस कर आता. सुग्रीव, तू खिडकीपाशी ये.”

“ताई, तू परत रडून राह्यलीस का?”

“न्हाई रे, हासून राह्यले.”

“मला तोंडावरून समजत न्हाई.”

आईनं रेणुकाच्या तोंडाकडं वळून पाहिलं.

“मला तरी कुठं समजलं, बाबा.”