शेजारणीची बाही

डॉक्टरांनी थेंब घालून सगळ्या पेशंटना डोळे मिटून बसवलं होतं. नवऱ्याचा जुना शर्ट घालून आलेल्या बाईंच्या कानांवर शेजारच्या बापलेकीचं बोलणं गुंगीत ऐकल्यासारखं पडत होतं.

“बाबा, शिलाई परदेशात देऊ या. सगळे देतात.”

“सगळे देतात म्हणून आजोबांचा कारखाना आपणही रिकामा करायचा?”

“आधी त्यांचा नमुना तर बघा.”

“बघू कशाने? डोळ्यांत थेंब आहेत.”

“तुम्ही कापड हातानेच बघता की. हा घ्या, बाही चाचपा.”

“हं... अगं, हे तर आपलं काज!”

“काहीतरीच काय!”

“पैज लाव. आपल्या कारखान्यातल्या मावशींचंच आहे. मशीनवर काज झालं, तरी शेवटचा टाका त्या हाताने घालतात. किती ओरडलो, पण ऐकतील तर शपथ.”

“बाबा, सोडा! शेजारच्या काकूंची बाही धरलीय तुम्ही!”

“अरे देवा! माफ करा हं, ताई.”

“असू द्या. यांचा शर्ट आहे. म्हणजे, होता. ते गेले, पण काज काही उसवलं नाही.”

बाईंनी बाही हाताने सारखी केली.

“त्या मावशी... अजून आहेत?”

“आहेत तर! उद्या सकाळी येऊन मशीनवर बसतील. बसतील ना गं?”

नमुना पिशवीत परत गेल्याची सळसळ तेवढी ऐकू आली.

बाईंनी काजावर अंगठा ठेवला आणि डोळे मिटलेलेच ठेवले.