पंचमीचा मुराळी

मंडळी, ऐका! आधी एक सवाल टाकतो, मग कथेला हात घालतो. श्रद्धा आणि शंका, या सख्ख्या बहिणी की सवती? बोला! मागून कुणीतरी 'सवती' म्हणालं... मोठ्यानं म्हणा की! नाही म्हणणार. शेजारी सासूबाई बसल्यात.

बरं, राहू द्या. गोष्टच सांगतो.

चारुहास तोडकर नावाचा एक नट होता. गावोगाव नाटकं करायचा. राजाचं काम असो नाहीतर भिकाऱ्याचं, पण रडायचा काय हो! याचा गळा दाटला की पुढच्या रांगेतल्या बायका पदर शोधायच्या. तर हा गेला एका काकांच्या नादी. माळावर आश्रम, नाव 'निरामय परिवार', आणि हे निरामयकाका! पांढराशुभ्र झब्बा, मऊ मऊ आवाज. मला तर बुवा, मऊ आवाजाचं भ्याच वाटतं. मांजर दुधाकडं जाताना कधी ओरडतं का?

काकांनी नट बरोब्बर हेरला. म्हणाले, "चारुहास, गुरुवारी सत्संगात पुढं बसत जा. माझं बोलणं रंगलं की मोकळेपणानं रड. लाजू नकोस, हीच तुझी सेवा." बघा हां! 'खोटं रड' म्हणाले का? छे! असली माणसं तसं कधीच म्हणत नाहीत. आणि रडण्याचं जांभईसारखं असतं. एकाला आलं की शेजाऱ्याला येतं. हा रडायचा, मग मंडप रडायचा. याला वाटायचं, आपण देवाचं काम करतोय!

एका गुरुवारी त्या मंडपात कोण येऊन बसलं? याची थोरली बहीण, शालनआक्का! नवरा वारलेला, तिला फिट यायची, पण रोजच्या गोळीवर निभत होतं. तिनं भावाला रडताना पाहिलं आणि काकांचे पायच धरले. माझा चारू रडतोय म्हणजे इथं देव असणारच! काका म्हणाले, "बाळ, गोळी म्हणजे शंका. शंका सोड, आजार तुला सोडेल." सोडली हो गोळी! राहायलाच आली आश्रमात.

आणि मग व्हायचं तेच झालं. भर सत्संगात आक्का धाडकन पडली. तोंडाला फेस! चारुहास धावला, तर काका काय म्हणाले? "बस खाली. आजार बाहेर पडतोय तिचा. तू रड." मंडळी, त्या दिवशी त्याला काही केल्या रडू येईना. बहीण पायाशी तडफडतेय आणि हिशोब मंडपाच्या रडण्याचा! उठलाच तो. आक्का शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "आक्का, चल घरी." ती म्हणाली, "तू जा. तुझी श्रद्धा ढळली."

गेला. पण गप्प बसला नाही. पुन्हा नाटकात उभा राहिला आणि एक नवीन रीत घातली. नाटक संपलं की तोंडाचा रंग न पुसता पुढं यायचा. म्हणायचा, "दोन मिनिटं बसा." आणि रडायला लागायचा. असा रडायचा की थिएटर हुंदके द्यायचं! मग खाडकन थांबायचा. कोरडाठक्क! "झालं. हे मी माळावर दर गुरुवारी करायचो. तुम्ही आता का रडलात, सांगा बघू?" लोक चिडायचे हो! आपण फसलो हे कुणाला ऐकायला आवडतं? काहींनी खुर्च्या आपटल्या, काही गावांनी नाटकच बंद केलं. पण कुठून कुठून माणसं हळूच रंगपटात यायची. "आमची सून तिथंच आहे हो... काय करावं?" त्यांच्याबरोबर हा फिरायचा, त्यांच्या घरी बसायचा. बरीच घरं सावरली त्यानं.

आणि स्वतःची बहीण? ती राहिली आतच! काकांनी तिला एवढंच सांगितलं, "तो नट आहे. रडणं हा त्याचा धंदा." आणि मंडळी, इथंच गोम आहे! हा फाटकाशी जाऊन खरं खरं रडला, तरी आक्का म्हणाली, "चारू, तूच सांगतोस ना लोकांना, की तुझं रडणं खोटं? मग हे कसं खरं मानू?" आता बोला! काय उत्तर देणार?

फिट वाढत चालल्या होत्या. आतली एक बाई निरोप द्यायची. चारुहासनं विचार केला, आपलं बोलणं आता कामाचं नाही. आली नागपंचमी. यानं धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, हातात नवी साडी घेतली आणि फाटकाशी उभा राहिला. रडणं नाही, भाषण नाही. "मी मुराळी आलोय. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला. पाठवा."

आक्का मंडपात गेली. सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, भाऊ न्यायला आलाय. सणापुरतं जाऊन येते."

काका हसले. "जा की! कुणी अडवलंय? पण बाळ, तुझं खरं माहेर हेच ना? उंबरा ओलांडलास आणि आजार उलटला, तर मी जबाबदार नाही."

आक्का म्हणाली, "काका, माझी सासू लई कजाग होती. जेवताना ताटावरून उठवायची. पण पंचमीला मुराळी आला की पुरणाची दिंडं बांधून द्यायची, 'नीट जा' म्हणायची. कधी शाप नाही दिला तिनं. तुम्ही म्हणता हे माहेर? मग माहेरी जायला इथं भ्या का वाटतंय मला?"

आता आला तो दुसराच आवाज! मऊपणा गेला आणि काका खेकसले, "बसव रे हिला!" मंडपानं काकांचा तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. पण आक्का निघाली होती. फाटकाबाहेर आली, तशी भावाच्या डोळ्यांना धार लागली. ती थबकली. निरखून बघत म्हणाली, "चारू, हे खरं का?" तो म्हणाला, "आक्का, मलासुद्धा कळेना आता. तू आधी गोळी घे." मग एस. टी. स्टँडावर, चहाबरोबर घेतली तिनं.

तर मंडळी! एक कडवं म्हणतो. माझंच जोडलेलं आहे, संतांच्या नावावर खपवत नाही.

*जिथे पुसू नये, तिथे बसू नये,*
*डोळे मिटू नये, गर्दीपायी ॥*

मघाशी तुमच्यातले निम्मे रडलात. का रडलात? आक्कासाठी? की आमच्या पेटीवाल्यानं खालचा सूर धरला म्हणून? त्याला विचारा, तो लबाड हसतोय बघा! माझ्यावरसुद्धा शंका घ्या. देवाला शंका बाधत नाही. बाधते ती दुकानदाराला. घरी जा आणि ज्याच्या पायावर रोज डोकं ठेवता, त्याला एकदा म्हणून बघा, "चाललो आता." आणि तोंडाकडं बघा त्याच्या!

कुणाला आत्ताच उठायचं असेल तर उठा. वाट मोकळी आहे. मी शाप देत नाही... काय आजोबा, निघालात? नीट जा हो. पायरी ओली आहे.