थाळी वाजवा, सिस्टर येतील

नाही, पण बेल नाही म्हणजे काय? मला सांगा! चाकणच्या रस्त्याला लागून ऑपरेशनचं हॉस्पिटल, खाली टायरचं दुकान, वर हे, रंग नवा, बोर्ड नवा, दारात कारंजंसुद्धा, आणि पेशंटच्या उशाशी बेल नाही! म्हणजे होती. बिघडली. दुरुस्तीवाला येतो म्हणाला, तो अजून येतोच आहे... मग पेशंटनं नर्सला बोलवायचं कसं? तर तुम्हाला सांगतो, तिथल्या मॅडमनी, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेसनी, सगळा कारभार त्यांच्याकडेच, प्रत्येक खाटेवर एक स्टीलची थाळी आणि एक चमचा ठेवला. वास्तुशांतीच्या आहेरातल्या थाळ्या हो, देणाऱ्यांची नावं घातलेल्या! "काही लागलं तर थाळी वाजवायची बरं का. लाजायचं नाही. घरचंच हॉस्पिटल आहे!"

घरचंच! या एका शब्दानं माझं डोकं फिरतं.

आता हे मला कसं ठाऊक? आमची आम्रपाली तिथं नर्स. माझी थोरली. रीतसर नर्सिंगचं जीएनएम झालेली पोरगी. संध्याकाळी पिंपरीला घरी आली की चहा पिता पिता दिवसभराचं सगळं सांगणार. सुरुवातीला हसायची हो. "पप्पा, मला आता आवाजावरून कळतं. एकदाच टण् केलं तर पाणी पाहिजे. टणटणटण केलं तर सलाईन संपलं. आणि कोपऱ्यातले हर्नियावाले काका तर आरतीच्या ठेक्यावर वाजवतात!" आणि ही जिथं असेल तिथून ओरडणार, "आले, आले हं!" तिची नक्कल ऐकून आमच्या हिनं, नीलानं, हसून हसून डोळे पुसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

पण राव, थाळी वाजली तर ऐकायला माणूस नको? वॉर्डात नर्स एकटी. आणि आत ऑपरेशन चालू झालं की हाक आलीच... "आम्रपाली, पाच मिनिटं आत ये गं!" कारण आतही माणूस कमी. पाच मिनिटं कसली? हिंजवडीच्या सिग्नलची पाच मिनिटं! दार बंद, एसी चालू, बाहेर थाळी काय, ढोलताशा वाजला तरी आत ऐकू यायचा नाही.

तिनं सांगून पाहिलं नाही असं समजू नका. "सर, मी आत असताना वॉर्ड रिकामा पडतो." डॉक्टर काय म्हणाले? "अगं, आई फोडणी टाकता टाकता पाळण्याकडेही बघतेच ना? घरचंच हॉस्पिटल आहे आपलं!" आता या माणसाला वाईट म्हणावं तर तेही जमत नाही. हाताला यश आहे. कंपन्यांतल्या कंत्राटावरच्या पोरांचं बिल स्वतःहून कमी करतो. वाईट असता तर बरं झालं असतं, पोरगी पहिल्याच महिन्यात सोडून आली असती.

मी सगळा जन्म कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये काढला. आमच्या मशीनला लाल बटण असायचं. काही वेडंवाकडं दिसलं की कुणीही दाबावं, हेल्परनंसुद्धा. लाइन बंद! साहेब धावत येणार, पण बटण दाबलं म्हणून कुणी ओरडणार नाही. पत्र्याला इतका मान! मी म्हटलं, "आमू, सोड ती नोकरी." तर म्हणते, "पप्पा, मी सोडली तर माझ्या जागी बारावी झालेल्या पोरीला पांढरा कोट घालून उभी करतील. निदान मला नाडी तरी कळते." नीला म्हणाली, "मग आत जाऊ नकोस." तर म्हणे, "आत टेबलावर झोपलेलाही कुणाचातरी माणूसच असतो ना, आई?"

आणि मग यशोदाबाई आल्या. निघोज्याच्या. गर्भपिशवीचं ऑपरेशन छान झालं, दुसऱ्या दिवशी उठून बसल्या. सकाळपासून हिची पळापळ बघत होत्या. "पोरी, जेवलीस का?" "जेवते, आजी." "कवा जेवनार? सांज झाल्यावं? सुनंनं भाकर आनलीया, बस हितं, घास खा." तेवढ्यात आतून हाक... पाच मिनिटं ये गं! सून लेकराला शाळेतून आणायला गेलेली, मुलगा किसन कंपनीत. आम्रपाली म्हणाली, "आजी, काही वाटलं तर थाळी वाजवा हं."

बाहेर आली तेव्हा चादर लाल झालेली. आतून रक्त सुटलेलं. थाळी पोटावर, चमचा हातात.

"आजी! वाजवली का नाही?"

"उपाशी पळतीयास गं सकाळधरनं... म्हनलं, यील सवडीनं."

डॉक्टर धावले, मॅडम धावल्या, ॲम्ब्युलन्स आली. मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, तर चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरमागे कंटेनर. सायरन वाजतोय, पण जागा कुणी द्यायची, कुठून द्यायची? आमची पोरगी आजीचा हात धरून बसलेली. तो हात तिच्या हातातच गार झाला.

किसन आला. तिला वाटलं, आता हा अंगावर येणार. त्यानं हात जोडले. "सिस्टर, आई सांगायची, ती पोरगी लई करती माझं." घरी येऊन आम्रपाली एवढंच म्हणाली, "पप्पा, त्यानं मला दोन शिव्या तरी द्यायच्या." आणि रडली. तिच्याबरोबर आम्हीही रडलो.

दुसऱ्या दिवशी गेली आणि उभ्या उभ्या सांगितलं. "सर, आणखी एक नर्स ठेवा, बेल लावा. तोवर मी वॉर्ड सोडून आत येणार नाही." म्हणजे लाल बटण दाबलं पोरीनं! डॉक्टरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "घरच्या माणसानं अशा अटी घालायच्या का गं? आणि थाळ्यांचं म्हणशील तर आपण पितळेच्या आणू. त्यांचा आवाज मोठा असतो."

पितळेच्या! अहो, आवाजाचा प्रश्न होता का? मॅडम म्हणायच्या घरचं, डॉक्टर म्हणायचे घरचं, पण खरं मानलं ते एकट्या त्या म्हातारीनं. घरातली पोर उपाशी असताना तिला कोण हाक मारतं?

सुटली नोकरी. आता घरीच आहे, दुसरीकडे अर्ज करते. परवा जेवताना माझ्या हातून थाळी निसटली. फरशीवर टणटण झालं, तर ही भरल्या हातानं ताडकन उठली, "आले, आले हं, आजी!" आणि दारापर्यंत जाऊन तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी नीलानं घरातल्या सगळ्या थाळ्या पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. काल शेजारचे दौलतराव जेवायला आले. पान मांडलेलं बघून म्हणतात, "काय विलासराव, पत्रावळ्या? काही कार्यबिर्य आहे की काय?"

म्हटलं, "नाही हो. बसा. घरचंच आहे."