बाकाखालची बॅटरी

हॅलो? … हो, बोल गं बाळा. … गाडीतच बसलेय, आपल्या फिरत्या घरात. … अंगणात, आणखी कुठे?

नाही ना! दिवे नाहीत, पंप नाही, फ्रिज तर मेलाच आहे. आणि तो घेणारा माणूस येईल इतक्यात गाडी बघायला. … इंजिन? ते झालं लगेच सुरू. … हो, हो, इंजिनची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. तुझ्या बाबांनी जन्मभर तेच ऐकवलंय मला.

बाक उचलला. … दिसली. … पाणी आहे, दोन रेघांच्या मध्ये. … मेन स्विच चालू. … थांब, मीटरवर… चष्मा कुठेय… दहा व्होल्ट. … दहा म्हणजे वाईट का? … बरं, वाईट.

अगं, पण छतावर सोलर आहे की! ऊन तर नुसतं रणरणतंय. … हो, घातलीय ताडपत्री. अख्ख्या गाडीवर. … धूळ बसू नये म्हणून! … हस, हस. बाबा असते तर डोक्याला हात लावून बसले असते.

आत? … नाही, काही चालू राहिलं नव्हतं. … नाही म्हटलं ना!

रडत नाहीये मी. … खरंच नाही. बाबा गेल्यापासून मला काही होतच नाही गं. जेवते, झोपते, भांडी घासते. आतून बधिर झालेय सगळी. … अगं ऐक ना, ते राहू दे. पुढे सांग.

घरातली वीज गाडीला द्यायला वायर ओढून आणली स्वयंपाकघरातून. … भिंतीतलं बटण बंद ठेवूनच जोडली, तेवढं कळतं मला. … जाते घरात, बटण लावते. फोन धर.

… लावलं. आले परत.

अगं…

दिवा लागला. … तो नाही, बाबांच्या उशाशी आहे तो. … मी हातही नाही लावला. बटण चालूच होतं. … हो, खोटं बोलले मघाशी. त्या पहाटे त्यांनीच लावला होता, चपला शोधायला. मग उतरले, आणि पायरीशीच… मला नाही बंद करवला. त्यांनी लावलेलं तेवढंच उरलं होतं. … ताडपत्री त्यासाठीच. शेजारीण म्हणाली असती ना, अहो, दिवा राहिलाय तुमचा.



… हॉर्न वाजतोय. आला वाटतं तो. … नको, नाही म्हणून कळवू नकोस. दाखवते मी गाडी. फक्त आधी…

… केला. मीच केला बंद.

… अगं, आता येतंय रडू. … ठेवते. त्याला सांगते, जरा बाहेरच थांबा.