वाळलेलं गलबत

हसू नका, मी सोता होतो तिथं. कापसाले सोन्याचा भाव आला, अन् आमच्या बापू पाटलाले वाटलं, अकोल्याचा कापूस आता मुंबईहून पुढं आपल्याच गलबतानं धाडावा. मले घेऊन थो मुंबई बंदरावर गेला.

दोन जुनी गलबतं विकाले होती. एक पाण्यातच उभं, काळं पडलेलं, बुडाशी ओलं. दुसरं वर्षभर किनाऱ्यावर चढवलेलं, उन्हात खडखडीत वाळलेलं. पाटलानं बैलाची पाठ थोपटावी तशी दोन्ही थोपटली.

"वाळलेलं घेतो," थो म्हणाला.

बंदरावरचा म्हातारा तांडेल म्हणाला, "शेठ, ओलं घ्या."

"कावून? ओला कापूस कोणी घेते का?"

सौदा झाला. वाळलेलं गलबत पाण्यात लोटलं, तसं फटीफटीतून पाणी आत आलं. पाटील गुडघाभर पाण्यात उभा.

तांडेल शांतपणे म्हणाला, "वाळलं की लाकडाचे सांधे उघडतात, शेठ. भिजलेलं लाकूड फुगून घट्ट राहतं. तुमच्याकडे हे कुणाला माहीत नसणार."

पाटील माह्याकडं पाहून राहिला, मी पायाकडं. उन्हानं ढिली झालेली त्याच्या बैलबंडीची लाकडी चाकं, घट्ट व्हावी म्हणून, निघायच्या आदल्या दिवशी आमी दोघांनीच मोर्णा नदीत भिजत घातली होती.